एक नियुक्ती, एक गिअरबॉक्स आणि उद्योग भवन

भारतीय मोटार उद्योगाचा इतिहास लिहिणारे बहुधा गाड्यांविषयी लिहितात. पद्मिनी कधी आली, मारुती ८०० केवढ्याला मिळत होती, इंडिकाच्या नोंदणीला किती गर्दी उसळली, हे सर्व तपशील आता सर्वज्ञात आहेत. नियुक्त्यांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. कारखान्याच्या प्रमुखपदी कोणाला बसवायचे, तो माणूस कोठून आणायचा आणि त्याला आणण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांवर या उद्योगात जेवढे रण माजले तेवढे क्वचितच अन्य उद्योगात माजले असेल. सरकारी सेवेत पाव शतकाहून अधिक काळ काढलेल्या मला तर नवी गाडी येण्यापेक्षा नवा संचालक येणे ही घटना अधिक बोलकी वाटते. गाडीत कंपनीने काल काय केले ते दिसते. नियुक्तीत ती उद्या कशावर पैसा लावणार आहे ते दिसते.

परवाना पद्धतीच्या काळात या उद्योगाला कोणती माणसे लागत होती ते आधी पाहू. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, ज्यांच्यापाशी देशातच गाडी बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांना येथे स्थान उरले नाही, आणि जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला चालवलेला जुळणीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. फोर्डनेही तोच मार्ग धरला. उरलेल्या दोन-तीन कारखान्यांना बाजारपेठ आयती मिळाली. किती गाड्या बनवायच्या, कोणता सुटा भाग आयात करायचा, गाडी कितीला विकायची, हे सर्व दिल्लीत ठरू लागले. अशा व्यवस्थेत कंपनीचा सर्वांत मौल्यवान अधिकारी कोण? नवे इंजिन रेखाटणारा अभियंता नव्हे, तर उद्योग भवनाच्या मजल्यांवर कोणती फाइल कोणत्या टेबलावर आहे हे जाणणारा दिल्लीतील प्रतिनिधी. यात त्या उद्योगपतींचा दोष काढण्याचे कारण नाही. ज्या गुंतवणुकीला परतावा आहे ती माणूस करतो; परतावा परवान्यात होता, म्हणून गुंतवणूक परवाना आणणाऱ्या माणसांत झाली. १९८० च्या सुमारास साऱ्या देशात वर्षाकाठी पन्नास हजारही मोटारगाड्या बनत नव्हत्या, हा त्याचा हिशेब.

या साऱ्यास एक ठळक अपवाद होता, आणि तो मराठी माणसाचा होता. सुमंत मुळगावकर हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकलेले अभियंते. १९४९ मध्ये ते टेल्कोत आले. १९५४ मध्ये डायम्लर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार झाला, तेव्हाच तो १९६९ मध्ये संपणार हे कागदावर लिहिलेले होते. ती तारीख मुळगावकरांनी गंभीरपणे घेतली. साठीच्या दशकाच्या मध्यास पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडच्या माळावर टेल्कोने पाय रोवले, तेव्हा आरंभ ट्रकच्या जुळणीने झाला नाही. प्रशिक्षण विभाग, यंत्रहत्यारे बनवण्याचा विभाग आणि १९६६ मध्ये अभियांत्रिकी संशोधन केंद्र, असा तो क्रम होता. म्हणजे उत्पादन बाजारात येण्याच्या कितीतरी आधी ते बनवू शकणारी माणसे घडवण्यावर पैसा खर्च झाला. (माळावर झाडे लावली आणि तळे केले, तेही त्याच वेळी. आज तेथून जाणाऱ्यास ते मूळचेच वाटते.) हिशेबनिसाच्या दृष्टीने हा निव्वळ खर्च होता. त्याचे फळ दिसावयास वीस वर्षे लागली. ऐंशीच्या दशकात डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी असे चार जपानी संयुक्त उपक्रम हलक्या ट्रकच्या बाजारात उतरले, तेव्हा टेल्कोने १९८६ मध्ये स्वतःच्या आराखड्याचा ४०७ हा ट्रक आणला आणि तो टिकला. त्या चौघांपैकी पहिल्या दोघांची नावे आता लोकांच्या स्मरणातही नाहीत. पुढे १९९४ मध्ये आलेल्या सुमो गाडीचे नाव जपानी मल्लावरून पडले असा समज आहे. वस्तुतः ते सुमंत आणि मुळगावकर यांतील आद्याक्षरे जोडून झाले. ते स्वतः १९८९ मध्येच निवर्तले होते.

दिल्लीकडे वळतो. संजय गांधींच्या मूळ कंपनीचे राष्ट्रीयीकरण होऊन फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी जन्माला आली. तिच्या उभारणीसाठी सरकारने व्ही. कृष्णमूर्ती यांना निवडले. भेल या सार्वजनिक उपक्रमाचे प्रमुखपद आणि त्यानंतर अवजड उद्योग खात्याचे सचिवपद त्यांनी भूषवलेले होते. त्यांच्यामागोमाग भेलमधून अनेक अनुभवी अधिकारी आले. आर. सी. भार्गव हे १९५६ च्या तुकडीचे सनदी अधिकारी. तेही भेलमार्गे १९८१ मध्ये मारुतीत आले आणि सेवेत परतलेच नाहीत. १९६५ च्या तुकडीचे जगदीश खट्टर १९९३ मध्ये आले. मोटार बनवण्याचा अनुभव यांपैकी कोणासही नव्हता. तो सुझुकीजवळ होता. ऑक्टोबर १९८२ च्या करारान्वये सुझुकीने २६ टक्के भागभांडवल घेतले, आणि डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. तंत्रज्ञान जपानी आणि माणसे सरकारी, अशी ही जोडणी होती, आणि ती उत्तम चालली हे मान्य केलेच पाहिजे.

एक गोष्ट जाता जाता. आमची लक्ष्मीबाई नगरची वसाहत ज्या काळी आखली गेली, त्या काळी सरकारी सेवकाच्या दारात मोटार असेल ही कल्पनाच आखणाऱ्यांना शिवली नव्हती. आज सकाळी कार्यालयात निघताना गल्लीतून वाट काढावी लागते. दोन्ही कडेला गाड्या, आणि त्यांत निम्म्याहून अधिक त्याच गुडगावच्या कारखान्याच्या वंशातील. सरकारने एक कंपनी काढली आणि तिने सरकारच्याच वसाहतीचा नकाशा चुकीचा ठरवला!

१९९२ मध्ये सुझुकीचा हिस्सा ५० टक्क्यांवर गेला आणि सरकारचा त्याखाली आला. मारुती आता तांत्रिक अर्थाने सरकारी कंपनी राहिली नाही. पण सुझुकीचीही झाली नाही. अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक या दोन पदांवर उभय पक्षांनी आळीपाळीने व परस्परांशी विचारविनिमय करून नेमणूक करावी, अशी तजवीज झाली. कागदावर ती न्याय्य दिसते. परंतु प्रशासनात वावरलेल्या कोणासही विचारा, ‘विचारविनिमय’ या शब्दाएवढा धोकादायक शब्द नियमावलीत दुसरा नाही. विचारले म्हणजे कळवले की संमती घेतली, हे तो शब्द सांगत नाही.

ऑगस्ट १९९७ मध्ये भार्गवांची मुदत संपली आणि सरकारने आर. एस. एस. एल. एन. भास्करुडू यांना व्यवस्थापकीय संचालक नेमले. भेलमध्ये दोन दशके काढून ते १९८३ मध्ये मारुतीत आले होते. कारखाना उभा राहताना पाहिलेला हा माणूस. सुझुकीने जाहीर हरकत घेतली. आपणास विचारले नाही आणि ही व्यक्ती या पदास सक्षम नाही, असे तिचे म्हणणे. प्रकरण न्यायालय आणि आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेले. उद्योगमंत्री होते मुरासोली मारन, आणि सुझुकीच्या प्रमुखपदी ओसामू सुझुकी. दोघेही माघार घेण्याविषयी प्रसिद्ध नव्हते. त्या सुमारास मी नुकताच सेवेत आलो होतो, आणि दिल्लीच्या कार्यालयांत दुपारच्या चहाबरोबर हा विषय नित्य निघत असे. बहुतेकांचे मत राष्ट्राभिमानाच्या बाजूचे होते: आमच्या देशातील कंपनीचा प्रमुख जपानने का ठरवावा?

वाद व्यक्तीचा दिसत असला तरी मुळात तो गुंतवणुकीचा होता. कारखान्याचा विस्तार करायचा तर पैसा कसा उभारायचा, यावर मतभेद होते. गिअरबॉक्सचे उत्पादन भारतात आणण्याचे तंत्रज्ञान सुझुकी लांबणीवर टाकते, हा सरकारी बाजूचा रोष होता. आणि ते उत्पादन लवकर येथे यावे असा आग्रह धरणारा संचालक सुझुकीला नको आहे, असे बोलले जाई. सुझुकीची बाजूही समजून घेण्याजोगी होती. ज्या कंपनीचे सुकाणू उद्या कोणाच्या हाती जाईल याची शाश्वती नाही, तिच्यात आपले सर्वांत जपलेले तंत्र कोण ओतील?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे ऑलिव्हर हार्ट यांची आठवण होईल. अपूर्ण करारांवरील कामासाठी त्यांना २०१६ मध्ये नोबेल मिळाले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: कोणत्याही करारात भविष्यातील सर्व प्रसंग लिहिता येत नाहीत; म्हणून न लिहिलेल्या प्रसंगी निर्णय कोणाचा, हा खरा मालकीहक्क, आणि तो ज्याच्यापाशी नाही तो गुंतवणुकीत हात आखडता घेतो. मारुतीत हा हक्क कोणापाशीच निर्विवाद नव्हता. त्यामुळे दोघांनीही हात आखडले. माझ्या मते यात सरकारची बाजू अधिक दुबळी होती. कारण सरकारला नवे भांडवल घालायचे नव्हते, नवे तंत्र त्याच्यापाशी नव्हते, आणि तरीही नियुक्तीचा अधिकार तेवढा हवा होता. नियुक्ती हे मालकीचे सर्वांत स्वस्त प्रदर्शन आहे. त्यास एक आदेश पुरतो.

या भांडणाची किंमत बाहेर मोजली जात होती. मारुतीचा बाजारातील वाटा तेव्हा ऐंशी टक्क्यांच्या आसपास होता. ह्युंदाईने मद्रासजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे पूर्णतः स्वतःच्या मालकीचा कारखाना काढला. कोणाशी विचारविनिमय करण्याचा प्रश्नच नव्हता. तिने विक्री सांभाळण्यासाठी १९९७ मध्ये टेल्कोतून बी. व्ही. आर. सुब्बू यांना आणले. कोरियन तंत्र आणि भारतीय बाजार जाणणारा प्रतिस्पर्ध्याकडील अधिकारी, ही जोडी सप्टेंबर १९९८ मध्ये सँट्रो घेऊन उतरली. टेल्कोने सुमारे १,७०० कोटी रुपये घालून, ऑस्ट्रेलियातील निस्सानचा बंद पडलेला कारखाना उचलून पुण्यास आणला आणि १९९८ च्या डिसेंबरात इंडिका विक्रीस काढली. तिचे बाह्यरूप तुरीनच्या आयडिया या संस्थेच्या साहाय्याने घडले. पण ती प्रत्यक्षात उतरवणारी फळी मुळगावकरांनी तीस वर्षांपूर्वी घातलेल्या पायावर उभी होती.

दरम्यान दिल्लीत सरकार बदलले, सिकंदर बख्त उद्योगमंत्री झाले आणि १९९८ च्या मध्यास न्यायालयाबाहेर तडजोड झाली. भास्करुडूंची मुदत आखडती घेण्यात आली; १९९९ मध्ये खट्टर त्या पदावर आले. म्हणजे सरकारी सेवेतूनच आलेला, परंतु उभयतांस चालणारा माणूस. दोन वर्षांनी, २०००-०१ मध्ये, मारुतीने आपल्या इतिहासातील पहिला तोटा नोंदवला, सुमारे २६९ कोटींचा. त्याच वर्षी टेल्कोचा तोटा ५०० कोटींचा होता, हे येथे नमूद केले पाहिजे. स्वतःच्या तंत्रावरील खर्च म्हणजे लगेच नफा नव्हे. इंडिकाच्या पहिल्या गाड्यांविषयी तक्रारी पुष्कळ होत्या. फरक एवढाच की टेल्कोला आपली गाडी सुधारण्यासाठी कोणाची अनुमती घ्यावी लागली नाही.

मारुतीचा प्रश्न अखेर २००२ मध्ये सुटला. अरुण शौरी निर्गुंतवणूक मंत्री असताना ४०० कोटींचे नवे भागभांडवल काढण्यात आले. सरकारने आपला हक्क सुझुकीच्या बाजूने सोडला आणि त्याबद्दल १,००० कोटी रुपये घेतले. सुझुकीचा हिस्सा ५४ टक्क्यांवर गेला. २००३ मध्ये १२५ रुपये दराने जनतेस समभाग विकले, आणि २००७ मध्ये सरकार पूर्णपणे बाहेर पडले. ज्या नियुक्तीच्या अधिकारासाठी १९९७ मध्ये एवढा अट्टहास झाला, त्याची किंमत प्रथमच रुपयांत ठरली. आणि गिअरबॉक्स? नियंत्रण हाती आल्यावर सुझुकीने मानेसर येथे सुझुकी पॉवरट्रेन ही कंपनी उभी केली. तिच्यात तिचा ७० व मारुतीचा ३० टक्के वाटा होता. डिझेल इंजिने आणि गिअरबॉक्स तेथे बनू लागले. पुढे ती मारुतीतच विलीन झाली.

त्यानंतरच्या नियुक्त्यांत दिल्लीचा हात नाही, म्हणून त्या झटपट सांगतो. महिंद्रने १९९३ मध्येच डेट्रॉईटच्या जनरल मोटर्स संशोधन केंद्रातून पवन गोएंका यांना नाशिकला आणले होते. नऊ वर्षांनी, २००२ मध्ये, सुमारे ६०० कोटींत स्कॉर्पिओ तयार झाली. टाटांनी २०१२ मध्ये जनरल मोटर्समधून कार्ल स्लिम आणि २०१६ मध्ये एअरबसमधून ग्युंटर बुट्शेक आणले. २०२१ मध्ये टाटांचे आरेखन प्रमुख प्रताप बोस महिंद्रकडे गेले. या सर्वांत मला गोएंकांची नियुक्ती सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण त्यांना प्रमुख म्हणून नव्हे, तर संशोधन विभागात आणले गेले आणि नऊ वर्षे थांबण्याची तयारी ठेवली गेली. परदेशी प्रमुख आणणे त्या मानाने सोपे असते. तो स्वतःची माणसे घडवीपर्यंत संचालक मंडळाचा धीर टिकेल का, हे अवघड.

राहिले भास्करुडू. दोन मालकांच्या भांडणात ज्यांच्या क्षमतेवर जगापुढे प्रश्नचिन्ह लावले गेले, त्यांनी जाहीर वादंग न वाढवता पद सोडले. पुढे ते सार्वजनिक उपक्रम निवड मंडळाचे सदस्य आणि नंतर अध्यक्ष झाले. सरकारी कंपन्यांचे व्यवस्थापकीय संचालक कोण असावेत, याची शिफारस तेच मंडळ करते.