पॅराशूटची घडी : नव्या, निसरड्या कापडाची

स्कायडायव्हिंगच्या मुख्य पॅराशूटचे छत, दोऱ्या आणि दोऱ्यांवर सरकणारा कापडी स्लायडर ठरावीक क्रमाने जुळवून ते पिशवीत भरणे आणि ती पिशवी पाठीवरच्या कंटेनरमध्ये बंद करणे, या क्रियेला पॅराशूटची घडी किंवा पॅकिंग म्हणतात. जुन्या, वापरून मऊ पडलेल्या छताची घडी सवयीने जमते. छत नवे कोरे असले तर सराईत माणसालाही घाम फुटतो, कारण कापड हातातून निसटते, आतली हवा जात नाही आणि पिशवी लहान पडल्यासारखी वाटते. त्यामुळे शिकणाऱ्याचे सगळे लक्ष कापड कसेबसे पिशवीत कोंबण्याकडे लागते. पॅराशूट नीट उघडेल की नाही हे मात्र दुसऱ्याच गोष्टींवर ठरते. दोऱ्यांचा ताण शेवटपर्यंत टिकला का, आणि स्लायडर आपल्या जागी राहिला का, हे दोन प्रश्न कापडाच्या नीटनेटकेपणाहून कितीतरी महत्त्वाचे आहेत. निसरडे कापड धोक्याचे ठरते ते याच दोन गोष्टी बिघडवते म्हणून.

आजचे चौकोनी छत म्हणजे हवेने फुगणारा पंख. डोमिना जॅल्बर्ट या अमेरिकन संशोधकाला १९६६ साली अशा कप्पेदार पंखाचे पेटंट मिळाले. पुढची बरीच वर्षे ही छते एफ-१११ नावाच्या नायलॉन कापडाची होत. त्या कापडातून थोडी हवा झिरपते आणि वापराबरोबर झिरपण्याचे प्रमाण वाढत जाते, त्यामुळे छत लवकर म्हातारे होई. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सिलिकोनचा लेप दिलेले, हवा जवळजवळ अडवून धरणारे कापड रूढ झाले. त्याला जंपर मंडळी ‘झीरो-पी’ म्हणतात. छताचे आयुष्य वाढले, जमिनीवर उतरताना मिळणारी उचल सुधारली. पण ज्या लेपाने हे साधले त्याच लेपाने कापड गुळगुळीत केले आणि हवेची वाट बंद केली. घडी घालताना हवा आता फक्त कप्प्यांच्या उघड्या तोंडांतून आणि शिवणीच्या सुईछिद्रांतून बाहेर पडू शकते. म्हणून जोर लावून उपयोग नसतो. अंग टाकून झटक्यात दाबले की हवा शेजारच्या कप्प्यात शिरते आणि घडी दुसरीकडून फुगते. गुडघ्यांनी आणि पोटऱ्यांनी हळूहळू, एकाच दिशेने, तोंडांकडे दाबत नेले तर तीच हवा मुकाट निघून जाते. इथे वेळ हेच साधन आहे.

आता उघडण्याकडे पाहू. पोटावर पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो आणि छताने तो काही सेकंदांत उतरवायचा असतो. एवढ्या वेगात पंख एकदम फुगला तर मान, पाठ आणि दोऱ्या यांना बसणारा हिसका जीवघेणा ठरू शकतो. हे टाळण्याचे काम स्लायडर करतो. स्लायडर म्हणजे कापडाचा एक चौकोन. त्याच्या चार कोपऱ्यांना धातूच्या चार कड्या असतात आणि दोऱ्यांचे चार गट त्यांतून ओवलेले असतात. तो छताच्या अगदी तळाशी, थांबे शिवलेल्या जागी टेकलेला असला तर येणारी हवा आधी त्याच्यावर आदळते, दोऱ्या एकत्र धरल्या जातात, छत टप्प्याटप्प्याने पसरते आणि स्लायडर हळूहळू खाली सरकतो. तो घडीतच काही सेंटिमीटर खाली घसरलेला असेल तर छताला पसरायला आयती मोकळीक मिळते. दणका देणाऱ्या उघडण्यांमागे हे कारण वारंवार सापडते.

निसरड्या कापडाचा खरा त्रास इथे कळतो. प्रचलित पद्धतीत जंपर दोऱ्या खांद्यावर घेऊन छत लोंबते ठेवतो, नाकाकडचे, म्हणजे पुढच्या कडेचे, कप्पे मोजतो, दोऱ्यांचे गट मधोमध आणतो, कापड दोन्ही बाजूंना सारखे काढतो, स्लायडर वर थांब्यांपर्यंत ढकलतो आणि शेपटीचे कापड भोवती गुंडाळून सगळे जमिनीवर आडवे करतो. इथपर्यंत दोऱ्या ताणलेल्या असतात. बिघडते ते पुढच्या अर्ध्या मिनिटात. छत दुमडून पिशवीच्या मापाचे करताना कापड सटकते, ते सावरायला माणूस अख्खा गठ्ठा उचलतो, दोऱ्या ढिल्या पडतात आणि चार कड्या मुकाट खाली येतात. वरून घडी सुबकच दिसते. म्हणून एक हात सतत छताच्या तळाशी, कड्या आणि दोऱ्या एकत्र धरून ठेवणे, पहिली दुमड गुडघ्याखाली दाबून मगच दुसरी घालणे आणि गठ्ठा पिशवीत न ढकलता पिशवीच एकेक कोपरा करून गठ्ठ्यावर चढवणे, हा क्रम सोडू नये. त्यानंतर दोऱ्यांच्या लडी रबरांत घट्ट बसवायच्या. पिशवीचे तोंड बंद ठेवणाऱ्या पहिल्या लडी सैल राहिल्या तर दोऱ्या पूर्ण ताणल्या जाण्याआधीच छत पिशवीबाहेर पडते, आणि मग स्लायडर जागेवर असूनही हिसका बसतो. रबरे जुनी झाली की बदलायची. त्यात काटकसर नको.

यावर पहिला आक्षेप असा की गबाळ्या घड्याही रोज उघडतात, मग एवढा काटेकोरपणा कशाला? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. गबाळी घडी उघडते, कारण कापडाच्या सुरकुत्यांचे पॅराशूटला सोयरसुतक नसते. दोऱ्या आणि स्लायडर ठीक असले की ते उघडते. म्हणजे हा अनुभव सुबकतेचा आग्रह खोडतो, क्रमाचा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. उघडण्याचा स्वभाव छताच्या रचनेवर, स्लायडरच्या आकारावर, दोऱ्यांच्या लांबीवर आणि त्या क्षणी शरीर कसे आहे यावरही ठरतो. हे मान्यच करायला हवे. घर्षणाच्या उष्णतेने आखडलेल्या दोऱ्यांचा दोष कोणतीही घडी झाकू शकत नाही, आणि एक खांदा खाली ठेवून छत उघडणाऱ्याला घडीला बोल लावता येत नाही. पण घडी चुकीची असेल तर यातली कुठलीही गोष्ट तपासताच येत नाही. प्रत्येक वेळी सारखीच घडी घातली तरच उरलेला दोष कुठे आहे ते शोधता येते. नाक गुंडाळून आत खुपसण्याच्या युक्तीलाही हेच लागू पडते. तिने काही छते सौम्य उघडतात, पण दोन बाजू सारख्या गुंडाळल्या नाहीत तर छत वळत उघडते. निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेवढेच करावे.

काही जण निसरडेपणावर उपाय म्हणून छत मुद्दाम जमिनीवर घासतात किंवा उन्हात पसरतात. हा शुद्ध तोटा आहे. उन्हातील अतिनील किरणांनी नायलॉन कमजोर होते, वाळूने कापड आणि दोऱ्या झिजतात, आणि ज्या लेपासाठी पैसे मोजले तोच जातो. त्याऐवजी पिशवीत भरलेले छत रात्रभर तसेच ठेवावे. शिवणीतून हवा निघते, दुमडी बसतात आणि पुढची घडी जरा सोपी जाते.

नव्या छताशी झुंजताना दमलेला माणूस साध्या गोष्टी विसरतो. छताची शेपटी खाली धरणारे दोन्ही ब्रेक सारखे लावलेले हवेत, नाहीतर छत उघडताच गिरकी घेते. पिशवी बाहेर खेचणारे छोटे, मिटणारे पायलट शूट पुन्हा ताणून तयार केलेले हवे. त्याच्या पट्टीतील खिडकीत रंगीत खूण दिसली नाही तर ते नीट फुगत नाही आणि पिशवी जागची हलत नाही. अमेरिकेत मुख्य पॅराशूटची घडी जंपरला स्वतःच्या पुढच्या उडीसाठी घालता येते, राखीव पॅराशूटची घडी मात्र प्रमाणित रिगरने, म्हणजे पॅराशूटच्या तंत्रज्ञानेच, दर १८० दिवसांच्या आत घालावी लागते. मुभा असली तरी नव्या छताच्या पहिल्या काही घड्या जाणत्या रिगरच्या देखरेखीखाली घालाव्यात, आणि पिशवी चढवण्याआधी चारही कड्या थांब्यांना टेकल्या आहेत हे प्रत्येक वेळी हाताने चाचपून पाहावे.