ट्रेमधली तिकिटं

ग्रंथालयाच्या देवघेव विभागात लागलो तेव्हा टेबलावर एक लाकडी ट्रे होता, त्यात तारीखवार लावलेली तिकिटं. ही ब्राऊन पद्धत. नीना ब्राऊन या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी १८९५च्या सुमारास बसवलेली. जेवढी पुस्तकं न्यायची मुभा तेवढी तिकिटं, आणि तिकीट म्हणजे नाव-पत्ता लिहिलेलं छोटं पाकीट. पुस्तकातलं कार्ड काढायचं, पाकिटात सरकवायचं, तारीखपट्टीवर शिक्का मारायचा. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. कोणी काय वाचलं याचा मागमूस उरत नसे. ही सोय कुणी मुद्दाम केली असेल असं मला वाटत नाही, पण होती खरी.

देवघेवीच्या दुसऱ्या एका, न्यूअर्क पद्धतीत तसं नव्हतं. तिथे नेणाऱ्याचा क्रमांक पुस्तकाच्या कार्डावरच चढे आणि तिथेच राही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९३९मध्ये नीतिसंहितेत वाचकाची माहिती गुप्त ठेवण्याचं कलम घातलं, ते उगाच नव्हे.

मग बारकोड आले. अमेरिकेत रूढ झालेल्या पद्धतीत चौदा आकडे: पहिला २ असेल तर वाचक, ३ असेल तर पुस्तक, शेवटचा आकडा चूक पकडायला. क्रमांक कार्डावर उघडा छापलेला. खिडकीशी माणूस उभा असेपर्यंत त्याने काही बिघडत नव्हतं. आम्ही चेहरा बघत होतो. १९९०च्या दशकात मात्र ग्रंथालयांच्या याद्या इंटरनेटवर गेल्या, पाठोपाठ वाचकांची खातीही. घरबसल्या मुदत वाढवा, पुस्तक राखून ठेवा. आता चेहरा बघणार कोण? बँकांच्या यंत्रांवर १९६७पासून रुळलेला चार आकड्यांचा पिन ग्रंथालयांनीही उचलला. सुरुवातीचा पिन कोणता, तर पुष्कळ ठिकाणी फोन नंबरचे शेवटचे चार आकडे! डिरेक्टरीत छापून घरोघर पोचलेलं गुपित.

आपल्याकडच्या बऱ्याच ग्रंथालयांत पुढे कोहा आलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयासाठी तयार झालेली ही मोफत संगणकप्रणाली २०००च्या जानेवारीत तिथे सुरू झाली होती. तिच्यात झालेल्या देवघेवीचीही नोंद राहू शकते. म्हणजे ट्रे जे विसरून जायचा, ते आता साठतं. म्हणून कुलूप हवं. नव्या सभासदाचं खातं उघडताना मी आधी विचारतो, वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवायची का? बहुतेक जण म्हणतात, "ठेवा हो, एकच पुस्तक दोनदा घरी येतं."