गोड आवाज की स्पष्ट शब्द?

मनुष्याच्या आवाजाची पारख दोन प्रकारांनी होते. मैफलीत बसलेला रसिक आवाजाचा गोडवा पाहतो. खरखराटातून दूरच्या बिनतारी केंद्राचा वेध घेणारा श्रोता मात्र एवढेच पाहतो की, उच्चारलेला शब्द कळला की नाही. हौशी रेडिओकार, म्हणजे सरकारी परवाना घेऊन स्वतःच्या लहानशा प्रक्षेपकावरून देशोदेशींच्या समव्यसनी मंडळींशी संभाषण करणारा गृहस्थ, या दुसऱ्या श्रोत्यासाठी बोलत असतो. त्याने मेजावरचा मायक्रोफोन कोणता निवडावा आणि तो कसा जुळवावा, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचे उत्तर शोधण्यात हौशी मंडळींची कित्येक दशके गेली.

या इतिहासाचा आरंभ टेलिफोनपासून होतो. १८७७ च्या सुमारास अमेरिकेत एडिसनने आणि १८७८ मध्ये लंडन येथे डेव्हिड ह्यूजने कोळशाच्या मायक्रोफोनचे तत्त्व सिद्ध केले. पुढे त्याला जे रूप आले त्यात पातळ पडद्यामागे कोळशाचे कण भरलेले असत. ध्वनीच्या दाबाने कण एकमेकांस भिडले की विजेचा प्रवाह वाढे, सैल पडले की घटे. आवाजाची चढउतार अशा रीतीने तारेत उतरे. २३ डिसेंबर १९०० रोजी अमेरिकेतील कॉब बेटावर रेजिनाल्ड फेसेंडेनने असला मायक्रोफोन थेट एरियलच्या वाटेत बसविला आणि मनुष्यवाणी सुमारे एक मैल बिनतारी मार्गाने नेली. शब्द पोहोचले, पण ठिणगीच्या प्रचंड खरखराटासह पोहोचले.

पहिल्या महायुद्धानंतर निर्वात नलिका हाती आल्या आणि हौशी मंडळीही बोलू लागली. त्यांच्या मेजावर प्रथम आला तो हाच टेलिफोनचा मायक्रोफोन. तो स्वस्त होता, चिवट होता, आणि बॅटरीच्या दोनचार घटांवर जोरकस प्रवाह देत असे. त्याचा दोष असा की, कोणी बोलत नसतानाही तो सारखा फुसफुसत राही. शिवाय कण एकत्र बसून घट्ट झाले म्हणजे आवाज कोंदट होई. अशा वेळी त्याला हलकेच टिचकी मारून कण मोकळे करावयाचे, ही त्या काळातील जुळवणी! याच सुमारास व्यावसायिक नभोवाणी केंद्रांतून कंडेन्सर मायक्रोफोन दिसू लागला होता. १९१६ मध्ये बेल कंपनीच्या परिवारातील ई. सी. वेंट याने तो तयार केला. त्याचा आवाज अत्यंत निर्मळ असे. परंतु त्याची किंमत भारी, त्याच्या अगदी जवळ स्वतंत्र ध्वनिवर्धक ठेवावा लागे, आणि हवा दमट झाली की तो कुरकुरे. हौशी मनुष्याने त्याच्याकडे दुरून पाहावे, एवढेच शक्य होते.

ही कोंडी फोडली एका स्फटिकाने. काही स्फटिक दाबले असता त्यांच्या पृष्ठावर वीज उत्पन्न होते, हा शोध १८८० मध्ये पिएर आणि झाक क्यूरी या बंधूंनी लावला होता. फ्रान्समधील ला रोशेल गावच्या सेन्येत नामक औषध-विक्रेत्याने सतराव्या शतकात तयार केलेले ‘रोशेल मीठ’ या गुणात विशेष समर्थ ठरले. १९३३ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात स्थापन झालेल्या ॲस्टॅटिक कंपनीने या मिठाच्या स्फटिकाचा ‘डी-१०४’ हा मायक्रोफोन बाजारात आणला. कंपनी काढणारे स्वतः हौशी रेडिओकार होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बारीक दांड्यावर बसविलेले चकचकीत गोल डोके, असे त्याचे रूप. त्यावरून काडीवरच्या गोळीचे नाव त्याला प्रेमाने मिळाले. त्याला बॅटरी नको, तो फुसफुसत नसे, आणि किंमतही आवाक्यातील होती.

गंमत अशी की, हा मायक्रोफोन मूळ आवाजाशी मुळीच प्रामाणिक नव्हता. खालचे सूर तो मंद करी आणि सेकंदाला तीनचार हजार कंपनांच्या आसपासचे सूर उठावदार करी. संगीतासाठी हा दोषच म्हणावा लागेल. परंतु बोलण्यासाठी तो गुण ठरला. हार्वे फ्लेचर आणि बेल प्रयोगशाळेतील त्याचे सहकारी यांनी १९२० च्या दशकात वाणीची जी मोजमापे केली, त्यांतून असे दिसून आले की, बोलण्यातील बहुतेक शक्ती खालच्या कंपनांत असते, अर्थ ओळखण्याची खूण मात्र मुख्यतः वरच्या कंपनांत असते. स्वर भरदार असतात. शब्दाशब्दांतील भेद पुष्कळदा नाजूक व्यंजनांवर अवलंबून असतो. मराठीतील ‘सात’ आणि ‘साठ’ हे शब्द घ्यावेत. दोहोंतील ‘सा’ एकच. फरक आहे तो शेवटच्या व्यंजनाच्या क्षणिक स्फोटात. तो क्षण खरखराटात बुडाला, तर सातांचे साठ व्हावयास वेळ लागत नाही. डी-१०४ नेमका तो क्षण वर उचलून धरी.

मात्र स्फटिकाचा स्वभाव मानी होता. त्याच्यापुढे दहा लाख ते पन्नास लाख ओहमचा रोध असला तरच तो पूर्ण आवाज देई. नलिकांच्या यंत्रांत ही सोय सहज होती. कमी रोधावर जोडले की खालचे सूर नाहीसे होऊन आवाज पत्र्यासारखा पातळ येई. हवामानाच्या बाबतीत तर तो फारच हळवा. सुमारे ५५ अंश सेल्सिअसला रोशेल मिठाचा स्फटिक नष्ट होतो, अति दमट हवेत तो पाझरतो. कोकणातील किंवा गोव्यातील पावसाळ्यात असा मायक्रोफोन उघडा ठेवणे म्हणजे मिठाची बरणी उघडी ठेवण्यासारखेच. पुढे बेरियम टायटनेटसारख्या सिरॅमिक द्रव्यांचे घटक निघाले, तेव्हा ही अडचण बरीच दूर झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रक्षेपणाची रीतच पालटली. १९१५ मध्ये जॉन कार्सनने सुचविलेली एकपार्श्व पद्धत १९४७ पासून हौशी मंडळींत रुजू लागली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हौशी केंद्राने त्यात पुढाकार घेतला होता. या पद्धतीत वाहक लहर आणि तिच्या दोन पार्श्वांपैकी एक गाळून सारी शक्ती उरलेल्या पार्श्वावर खर्च केली जाते. स्थूलमानाने ३०० ते ३००० कंपनांची वाणी एवढेच पाठवावयाचे असते. त्यामुळे खर्जातील भरदारपणावर खर्च झालेली शक्ती वाया जाते, आणि मायक्रोफोनची निवड हा अधिकच महत्त्वाचा विषय बनतो.

जुळवणीलाही येथे नवा अर्थ आला. मायक्रोफोनची पातळी वाढविली की आवाज दूर जातो, अशी पुष्कळांची समजूत असे. काही मर्यादेपर्यंत ती खरी आहे. त्यापलीकडे यंत्र आवाजाची शिखरे कापू लागते, शब्द विद्रूप होतात आणि त्यांचे तुकडे शेजारच्या कंपनसंख्यांवर उडतात. तेथे दुसरे कोणी बोलत असते. हा उपद्रव त्याच्या घरात घुसतो. म्हणून जाणत्यांची रीत अशी की, प्रथम एरियलऐवजी शक्ती जिरविणारा रोध जोडावा, नेहमीच्या स्वरात बोलावे, आणि स्वयंचलित नियंत्रणाचा काटा फक्त शब्दांच्या शिखरांवर, दिलेल्या मर्यादेत हलेल एवढीच पातळी ठेवावी. ओठ आणि मायक्रोफोन यांत चारपाच बोटांचे अंतर असावे. फुंकर थेट त्यावर न पडता बाजूने जावी. खोलीत पंख्याची घरघर असेल तर मायक्रोफोन जवळ घ्यावा आणि पातळी उतरवावी. शेवटी दूरच्या मित्राचे मत विचारावे, कारण आपला आवाज आपल्या कानांना कधीच खरा ऐकू येत नाही.

ट्रान्झिस्टरचे युग आले तेव्हा यंत्रांचे प्रवेशद्वार कमी रोधाचे झाले आणि स्फटिक मायक्रोफोनच्या बैठकीत छोटा ध्वनिवर्धक बसवावा लागला. तो वाढविण्याचा स्क्रू हाती आल्यावर कित्येकांनी तो शेवटापर्यंत पिळला, आणि उत्तम मायक्रोफोनची अपकीर्ती केली. तरीही डी-१०४ चे उत्पादन २००१ पर्यंत चालू राहिले. दरम्यान चुंबक आणि वेटोळे यांवर चालणारा डायनॅमिक मायक्रोफोन दमटपणाला न जुमानता पुढे आला. १९६२ मध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी सिद्ध केलेला इलेक्ट्रेट प्रकार आज अनेक मेजांवर आहे. त्याला यंत्राकडून थोडा विद्युतदाब लागतो, म्हणून जोडणीच्या आठ खुंट्या तपासल्यावाचून दुसऱ्या यंत्राचा मायक्रोफोन लावू नये. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या बॉब हाइल यांनी वाणीच्या मधल्या कंपनांवर जोर देणारे डायनॅमिक घटक हौशी मंडळींसाठी मुद्दाम तयार केले. म्हणजे डी-१०४ च्या कर्त्यांनी धरलेलाच मार्ग अर्ध्या शतकानंतर पुन्हा प्रमाण ठरला.

या साऱ्या खटाटोपाची कसोटी नेहमीच्या गप्पांत लागत नाही. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद यांचे पथक हौशी प्रक्षेपणासाठी अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. २६ तारखेला भूकंप आणि सुनामी आली, नेहमीची दळणवळणाची साधने कोलमडली, आणि दूरदूरच्या देशांशी गप्पा मारण्यासाठी उभारलेले ते केंद्र आप्तांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे पोहोचवू लागले. अशा वेळी पलीकडे कोणी आवाजाच्या गोडव्याला दाद देत नसतो. तो एक नाव, एक गाव, एक आकडा कागदावर उतरवून घेत असतो. त्याच्या कागदावर साताचे साठ होऊ नयेत, एवढ्यासाठीच मायक्रोफोनची निवड करावयाची आणि एवढ्यासाठीच तो जुळवावयाचा.