दहा मागितले, पाच मिळाले

बैलगाडीच्या मागोमाग चालत राहा. साल १८९१, गाव अथेन्स, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं. मुलूख कापसाचा. गाडीत बसल्यात हॅरिएट पॉवर्स. पन्नाशी ओलांडलेली, गुलामगिरीत जन्मलेली बाई. मांडीवर गाठोडं आहे. वर गोणपाट, आत पिठाची स्वच्छ पिशवी आणि तिच्या आत गोधडी.

ही गोधडी १८८६ मध्ये इथल्या कापसाच्या जत्रेत मांडली होती. चित्रकला शिकवणाऱ्या जेनी स्मिथ ती पाहून खुळावल्या, मालकिणीला हुडकून काढलं, किंमत विचारली. बाईंनी साफ सांगितलं, विकायची नाही. आता दिवस ओढगस्तीचे आहेत. गाडी स्मिथबाईंच्याच दाराशी थांबते.

तुम्हीही आत या. गोधडी उलगडली, की आधी टाके बघा. काही हाताचे, काही मशीनचे. कापडातून माणसं, जनावरं, तारे कापून घ्यायचे आणि जागेवर बसवून शिवायचे, ही बाईंची रीत. एकूण अकरा चौकटी, सगळ्या बायबलमधल्या. पहिल्या चौकटीत आदम, ईव्ह, हत्ती, उंट, शहामृग आणि साप. पाय मात्र एकट्या सापालाच! येशूला दगा देणाऱ्या ज्युडासच्या तीस चांदीच्या नाण्यांना हिरवं छापील कापड लावलंय. त्याच्या पायाशी मोठी तबकडी दिसते ना? तो तीनशे वर्षांनी १८८६ साली उगवलेला तारा, असं बाई सांगतात. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या चौकटीत याच ज्युडासला मळकट रंगाचा झगा मिळालाय, कारण माणूसच तसला. बाई एकेक चौकट समजावतात आणि स्मिथबाई सगळं टिपून ठेवतात. गोधडी घेण्याइतकंच हे टिपणं मोलाचं, असं माझं मत.

मग व्यवहार. बाई दहा डॉलर मागतात, स्मिथबाई पाच देऊ करतात. बाई बाहेर जाऊन नवऱ्याशी बोलतात, परत येतात आणि पाच घेतात. तुम्ही मध्ये पडू नका, १८९१ मध्ये तुमच्या खिशातल्या नोटा चालायच्या नाहीत. शिवणातून उरणाऱ्या सगळ्या चिंध्या तुमच्यासाठी राखून ठेवीन, असा शब्द स्मिथबाई देतात, तेव्हा कुठे बाईंचा जीव थोडा थाऱ्यावर येतो. पुढेही त्या अनेकदा इथे येतात, आपली गोधडी बघायला.

या बाई निरक्षर होत्या, असं पुढे कितीतरी वर्षं छापलं गेलं. मग १८९६ मधल्या त्यांच्या पत्राचा मजकूर उजेडात आला आणि त्यांना वाचता येत होतं हे कळलं. चिंध्या जोडणाऱ्या बाईला अक्षरओळख नसणारच, हे आपण किती सहज धरून चालतो!

आणखी थोडं पुढे सरका, १८९८ च्या सुमाराला. बाईंच्या दुसऱ्या गोधडीत पंधरा चौकटी. बायबलमधले योना आणि मोशे आहेतच. पण मला ओढ लागते ती इतरांची. १७८० मध्ये भरदिवसा पडलेला अंधार. १८३३ मधला उल्कावर्षाव, म्हणजे बाईंच्या जन्माच्याही आधीचा, ऐकून साठवलेला. फेब्रुवारी १८९५ ची अशी थंडी की खेचराच्या श्वासाचाही बर्फ झाला. आणि जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल धावलेली बेट्स नावाची डुकरीण. तिला बायबलच्या शेजारी जागा द्यायला बाईंनी कुणाची परवानगी घेतली असेल, असं वाटत नाही.

हॅरिएट पॉवर्स १९१० मध्ये वारल्या. पहिली गोधडी आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे, दुसरी बोस्टनच्या कलासंग्रहालयात. बोस्टनला जाणं झालं आणि गोधडी मांडलेली असली, तर आधी बेट्सला शोधा.