वायरलेस बर्गलर अलार्म : दार उघडतं, चोर आत येतो, तरी सायरन का वाजत नाही?

भिंत फोडायची नाही, वायर ओढायची नाही. दाराला एक छोटा सेन्सर चिकटवायचा, हॉलमध्ये बेस युनिट ठेवायचं, झालं काम. वायरलेस बर्गलर अलार्म खपतो तो याच सोयीमुळे. पण वायर गेली की तिच्या जागी रेडिओ लहरी येतात, आणि त्या काही घराच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीतही त्या पोहोचतात. सगळी गोची इथेच आहे.

दार उघडलं की चौकटीवरचं चुंबक सेन्सरपासून लांब जातं आणि सेन्सर बेस युनिटला ‘दार उघडलं’ असा छोटासा संदेश पाठवतो. अनेक स्वस्त सेन्सर फक्त बोलतात, ऐकत नाहीत. म्हणजे आपला निरोप पोहोचला की नाही, हे त्यांना कधीच कळत नाही. त्याच वेळी कुणी त्याच फ्रिक्वेन्सीवर मोठा गोंगाट केला, तर निरोप हवेतच विरतो. याला म्हणतात जॅमिंग.

दुसरा प्रकार जास्त चलाख आहे. घरमालक घरी परतल्यावर अलार्म बंद करायला रिमोटचं बटण दाबतो, तेव्हा तो सिग्नल रेकॉर्ड करून ठेवायचा आणि नंतर तसाच्या तसा वाजवायचा. सिग्नल दर वेळी सारखाच असेल, तर आलेला ‘अलार्म बंद कर’ हा हुकूम मालकाचा की चोराचा, हे बेस युनिटला ओळखता येत नाही. हा झाला रिप्ले अटॅक.

हे सगळं कागदावरचं नाही. २०१४ मध्ये लोगन लॅम्ब या अमेरिकी संशोधकाने एडीटी आणि व्हिव्हिंट या तिकडच्या बड्या कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. सेन्सरचे संदेश एन्क्रिप्ट केलेलेच नव्हते. त्यामुळे बाहेर बसून अलार्म दाबता येत होता, खोटा वाजवता येत होता आणि घरात कोण कुठल्या दारातून ये-जा करतंय, हेही कळत होतं.

२०१६ मध्ये आयओअॅक्टिव्ह या कंपनीच्या अँड्र्यू झोनेनबर्गने सिम्प्लिसेफच्या कीपॅडवरून जाणारा पिनचा संदेश पकडून पुन्हा वाजवून दाखवला. पिन काय आहे, हे माहीत असण्याचीही गरज पडली नाही. त्याहून वाईट म्हणजे त्यातली चिप एकदाच प्रोग्रॅम होणारी होती, त्यामुळे अपडेट पाठवून दुरुस्ती करणं शक्यच नव्हतं. कंपनीने पुढे नवी यंत्रणा आणली. २०१९ मध्ये ‘लॉकपिकिंगलॉयर’ या यूट्यूब चॅनेलने साधारण २ डॉलरच्या ट्रान्समीटरने तीही चकवून दाखवली, तेही ४३३.९२ मेगाहर्ट्झवर नुसता गोंगाट करून.

२०२१ मधलं फोर्ट्रेस एस०३ या वायफाय अलार्मचं प्रकरण तर कहर आहे. रॅपिड७ च्या संशोधकांना दिसलं की मालकाचा ईमेल माहीत असेल, तर कंपनीचा सर्व्हर पासवर्ड न विचारता यंत्राचा आयएमईआय क्रमांक देतो. त्या क्रमांकाच्या जोरावर इंटरनेटवरून अलार्म बंद करता येत होता. रिमोटला रिप्ले अटॅक चालत होता, तो वेगळाच.

भारतात सरकारी परवानगीशिवाय जॅमर वापरणं बेकायदा आहे. अर्थात, कायद्याला घाबरणारा माणूस रात्री दुसऱ्याच्या घरात शिरत नाही, हा भाग वेगळा. भुरटा चोर एवढा खटाटोप करणार नाही, हेही खरं. धोका आहे तो घरावर पाळत ठेवून, ठरवून येणाऱ्याचा.

मग वायरलेस घ्यायचाच नाही का? तसं नाही. पण दुकानदाराला सायरन किती मोठा वाजतो हे विचारण्याआधी, रिमोटला रोलिंग कोड आहे का, हे विचारा. रोलिंग कोडमध्ये सिग्नल दर वेळी बदलतो, त्यामुळे कालचं रेकॉर्डिंग आज चालत नाही. संदेश एन्क्रिप्टेड आहेत का आणि फर्मवेअर अपडेट मिळतं का, हेही बघा. जॅमिंग झालं तर यंत्रणा फोनवर कळवते का, हा प्रश्न तर हवाच. शेवटचा मुद्दा हजेरीचा. चांगल्या यंत्रणेत सेन्सर ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असं कळवत राहतो. काहींमध्ये दोन हजेऱ्यांमधलं अंतर काही तासांचं असतं, आणि तेवढ्या वेळात घर रिकामं होऊ शकतं. शक्य असेल तर निदान मुख्य दाराचा सेन्सर तरी वायरचा बसवून घ्या. त्याला जॅमर लागू पडत नाही.