अण्वस्त्र निःशस्त्रीकरण आणि स्थानिक स्वराज्य संस्था

अण्वस्त्र निःशस्त्रीकरणास स्थानिक स्वराज्य संस्थांचा पाठिंबा म्हणजे महानगरपालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा किंवा ग्रामपंचायतींनी ठराव, घोषणा अथवा प्रशासकीय निर्णयाद्वारे अण्वस्त्रांच्या निर्मितीस, वाहतुकीस वा वापरास केलेला औपचारिक विरोध होय. संरक्षण हा बहुतेक देशांत केंद्र शासनाचा विषय असल्याने अशा ठरावांना सहसा कायद्याचे बळ नसते. मात्र अणुबॉम्बचे लक्ष्य शहरेच असतात, ही या पाठिंब्यामागील मूळ भूमिका आहे. रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा बंदराचा परिसर भाभा अणुसंशोधन केंद्रासमोर, खाडीपलीकडे वसलेला असल्याने या विषयाच्या अभ्यासात त्याचा विचार उद्बोधक ठरतो.

उगम

जपानमधील हिरोशिमा (६ ऑगस्ट १९४५) आणि नागासाकी (९ ऑगस्ट १९४५) या शहरांच्या विध्वंसानंतर तेथील नगरप्रशासनांनी शांततेच्या प्रचाराचे कार्य हाती घेतले. हिरोशिमाचे महापौर ताकेशी अराकी यांनी २४ जून १९८२ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरणविषयक विशेष अधिवेशनात जगातील शहरांनी एकत्र येण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातून उभी राहिलेली संघटना आज ‘मेयर्स फॉर पीस’ या नावाने ओळखली जाते. तिच्या सदस्य शहरांची संख्या आठ हजारांहून अधिक आहे.

ब्रिटनमध्ये मँचेस्टर नगर परिषदेने ५ नोव्हेंबर १९८० रोजी आपले शहर अण्वस्त्रमुक्त क्षेत्र म्हणून घोषित केले. वेल्समधील सर्व काउंटी परिषदांनी फेब्रुवारी १९८२ पर्यंत तशाच घोषणा केल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारने योजलेल्या ‘हार्ड रॉक’ या नागरी संरक्षण सरावात भाग घेण्यास अनेक परिषदांनी नकार दिला व तो सराव रद्द करावा लागला. कागदावरचा ठराव प्रत्यक्ष राज्यकारभारात कसा उतरू शकतो, याचे हे ठळक उदाहरण मानता येईल. न्यूझीलंडमध्येही स्थानिक परिषदांच्या घोषणांची लाट आधी आली आणि १९८७ चा राष्ट्रीय अण्वस्त्रमुक्त क्षेत्र कायदा नंतर झाला.

कोबे बंदराचा निर्णय

बंदराच्या गावांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण जपानमधील कोबे शहराचे आहे. १८ मार्च १९७५ रोजी कोबे नगरसभेने अण्वस्त्रवाहू जहाजांना बंदरात प्रवेश न देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर दीर्घकाळ परदेशी युद्धनौकेने ‘जहाजावर अण्वस्त्रे नाहीत’ असे प्रमाणपत्र सादर केल्यावाचून तिला धक्क्यावर जागा मिळत नसे. अमेरिकी नौदलाचे धोरण अण्वस्त्रे असल्याचे मान्यही न करण्याचे आणि नाकारण्याचेही नाही. त्यामुळे अमेरिकी युद्धनौकांचे कोबेस येणे दीर्घकाळ थांबले होते. नगरसभेने यासाठी परराष्ट्र धोरणात हात घातला नाही. १९५० च्या जपानी बंदर कायद्याने बंदराचे व्यवस्थापन स्थानिक शासनाकडे दिले आहे, त्या साध्या व्यवस्थापकीय अधिकाराचा तिने उपयोग केला.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारताच्या राज्यघटनेतील सातव्या अनुसूचीच्या संघसूचीत संरक्षण, अणुऊर्जा, परराष्ट्र व्यवहार आणि मोठी बंदरे हे चारही विषय समाविष्ट आहेत. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) ग्रामपंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला. अकराव्या अनुसूचीत २९ आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय नमूद केले. पाणीपुरवठा, रस्ते, आरोग्य, स्मशानभूमी इत्यादी विषय त्यांत आहेत, अणुविषयक एकही नाही. आपल्या हद्दीत कोणते द्रव्य कोठून कोठे जाते हे विचारण्याचा अधिकारही ग्रामपंचायतीस यातून मिळत नाही. ग्रामसभा ठराव करू शकते, परंतु या बाबतीत तो लोकमताची नोंद एवढ्याच स्वरूपाचा राहतो.

याचा प्रत्यय रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या वेळी आला. हा प्रकल्प शस्त्रांचा नसून विजेचा आहे (मूळ नियोजित क्षमता ९,९०० मेगावॅट), हा भेद विसरता कामा नये. माडबन, मिठगवाणे व आसपासच्या गावांनी विरोधाचे ठराव केले. तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये प्रकल्पास पर्यावरणविषयक मंजुरी देण्यात आली.

न्हावा शेवा

न्हावा (पनवेल तालुका) आणि शेवा (उरण तालुका) या गावांच्या नावांवरून ओळखले जाणारे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. बंदरासाठी विस्थापित झालेल्या शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांचे पुनर्वसन उरणजवळ हनुमान कोळीवाडा येथे करण्यात आले. कोबेच्या उलट, या बंदराचे प्रशासन केंद्र शासनाच्या अखत्यारीतील प्राधिकरणाकडे आहे. स्थानिक ग्रामपंचायतींचा जहाजांच्या प्रवेशाशी कोणताही संबंध येत नाही.

खाडीपलीकडे तुर्भे (ट्रॉम्बे) येथे १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही आशियातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘सायरस’ अणुभट्टीतील प्लुटोनियम १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले. ती भट्टी २०१० च्या अखेरीस बंद करण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी–न्हावा शेवा सागरी सेतूवर, म्हणजे अटल सेतूवर, या केंद्राच्या बाजूस दृष्टिरोधक आडोसे उभारलेले आहेत.

त्याच महिन्यात, २३ जानेवारी २०२४ रोजी, चीनहून कराचीकडे निघालेले एक मालवाहू जहाज सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी न्हावा शेवा येथे थांबवले आणि त्यावरील संगणकनियंत्रित यंत्र ताब्यात घेतले. हे यंत्र पाकिस्तानच्या अण्वस्त्र व क्षेपणास्त्र कार्यक्रमात वापरले जाण्याचा संशय भारतीय अधिकाऱ्यांनी व्यक्त केला. पाकिस्तानने तो फेटाळून, यंत्र वाहनांच्या सुट्या भागांच्या उत्पादनासाठी असल्याचे सांगितले. अण्वस्त्रप्रसाराचा प्रश्न गावाच्या वेशीवर आला असताही कारवाई सर्वस्वी केंद्रीय यंत्रणेची होती.

रायगड जिल्ह्यातील शांतता कार्य

माजी नौदलप्रमुख ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास (१९३३–२०२४) निवृत्तीनंतर याच जिल्ह्यात अलिबागजवळील भायमळा येथे राहत असत. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर त्यांनी अण्वस्त्रांना जाहीर विरोध केला. नौदलाचे सर्वोच्च पद भूषविलेल्या व्यक्तीची ही भूमिका असल्याने तिला वेगळे वजन होते. भारत-पाकिस्तान शांततेसाठी केलेल्या कार्याबद्दल त्यांना २००४ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार पाकिस्तानातील आय. ए. रेहमान यांच्यासमवेत देण्यात आला.

अण्वस्त्रबंदी करार

अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा संयुक्त राष्ट्रांचा करार ७ जुलै २०१७ रोजी स्वीकृत झाला व २२ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. भारत त्यात सहभागी नाही. ज्या देशांची सरकारे करारात नाहीत, तेथील शहरांनी आपल्या सरकारास आवाहन करावे, यासाठी ‘आयकॅन’ या संघटनेने २०१८ मध्ये मोहीम सुरू केली. पॅरिस, वॉशिंग्टन, बर्लिन आणि सिडनी या शहरांनी तिला पाठिंबा दिला असून, यांपैकी पहिली दोन अण्वस्त्रधारी देशांच्या राजधान्या आहेत.