पीटर पॅनचे हक्क आणि लंडनचं मुलांचं रुग्णालय

मंडळी, आधी एक आकडा सांगतो. १८४३ साली लंडनच्या सगळ्या रुग्णालयांत मिळून २,३६३ रुग्ण होते. त्यांत दहा वर्षांखालची मुलं फक्त २६. आणि त्याच शहरात वर्षाला जी ५१,००० माणसं मरायची, त्यांतली २१,००० दहा वर्षांखालची! मुलाचं दुखणं आईनं घरीच काढायचं, रुग्णालयात मुलं आली की साथी पसरतात, असं तेव्हा भल्याभल्यांना वाटायचं.

डॉ. चार्ल्स वेस्ट गरिबांच्या घरी जाऊन मुलं तपासत असत. त्यांनी हट्टानं वर्गण्या जमवल्या आणि १४ फेब्रुवारी १८५२ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात १० खाटांचं रुग्णालय उघडलं. पण वर्गणीवरच्या संस्थेचं दुखणं आपल्यालाही ठाऊक आहे. उत्साह पहिल्या वर्षी असतो, खर्च दर वर्षी असतो. सहा वर्षांत पैशांची ओढाताण सुरू झाली.

तेव्हा मदतीला आले चार्ल्स डिकन्स. ९ फेब्रुवारी १८५८ च्या मेजवानीत त्यांनी भाषण केलं. त्यात आकडे होते, पण लोकांना हलवलं ते एडिंबरातल्या एका मुलाच्या वर्णनानं. अंड्यांच्या रिकाम्या खोक्यात निजलेलं, आजारी, न रडणारं मूल. त्या एका रात्रीत ३,००० पौंडांहून अधिक जमले आणि शेजारचं घर विकत घेता आलं. एप्रिलमध्ये त्यांनी रुग्णालयासाठी आपल्या 'ख्रिसमस कॅरल'चं जाहीर वाचनही केलं. (दोनच आठवड्यांनी त्यांनी स्वतःच्या कमाईसाठी वाचनं सुरू केली. त्यात वावगं काही नाही, पण सवय इथं लागली असावी असं मला आपलं वाटतं.)

तरी मेजवानी ती मेजवानीच. पुढच्या वर्षी पुन्हा हात पसरायचे. खरा फरक पडला १९२९ साली. शेजारची जमीन घ्यायची होती, त्यासाठीच्या समितीवर या, असं जे. एम. बॅरी यांना विचारलं गेलं. ते नाही म्हणाले. आणि मग काही आठवड्यांतच त्यांनी 'पीटर पॅन'चे सगळे हक्क रुग्णालयाला देऊन टाकले! एकरकमी चेक नव्हे. नाटक लागेल, पुस्तक खपेल, तोवर पैसा येत राहणार. अट एकच, किती मिळतात ते सांगायचं नाही. ती आजही पाळली जाते.

१९४८ मध्ये रुग्णालय सरकारी आरोग्यसेवेत गेलं. मग देणग्या कशाला, असं कुणीही विचारेल. उपचाराचा खर्च सरकार करू लागलं हे खरं. पण संशोधन, नवी यंत्रं, लांबून आलेल्या आईबापांची राहायची सोय, या गोष्टींना देणगीचा पैसा लागतच राहिला.

बॅरी गेले १९३७ मध्ये. तेव्हाच्या कायद्यानं पन्नास वर्षांनी, म्हणजे १९८७ अखेर, हक्क संपले. तेव्हा माजी पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी उमराव सभागृहात दुरुस्ती मांडली. त्यांच्या पत्नी ऑड्री या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष होत्या, हेही सांगायला हवं. १९८८ च्या कायद्यात ती दुरुस्ती आली. तिची भाषा नीट वाचण्यासारखी आहे. रुग्णालयाला ब्रिटनपुरतं मानधन कायमचं मिळेल, मात्र मालकी नाही. म्हणजे ते नाटक करायला कुणाला मनाई करता येत नाही, पैसे मात्र मागता येतात.